पटावरचं एकेचाळिसावं नाव

उस्मानपुऱ्यात त्या काळी घरं कमी आणि मोकळं रान जास्त होतं. निजामी अमदानीतल्या कुण्या अंमलदाराचा एक दगडी बंगला तिथं होता, त्यात कॉलेज भरायचं. पहिलं वर्ष आणि दुसरं, म्हणजे इंटर, एवढेच वर्ग. चार मोठ्या खोल्या, एक हॉल, मागं घोड्यांच्या पागेची केलेली लायब्ररी. मुलं सगळी मिळून ऐंशी-पंच्याऐंशी, त्यात मुली सहा किंवा सात. मुलं वैजापूर, गंगापूर, कन्नडकडची; कापसाच्या गाडीवर बसून आलेली, पायात पहिल्यांदाच वहाणा घातलेली.

बद्रीनाथ तिथं हेडक्लार्क होता. हेड म्हणायचं एवढंच, हाताखाली दुसरा क्लार्क नव्हता. त्याची आधीची नोकरी वैजापूरच्या तहसील कचेरीत, उर्दू दप्तरात गेली होती. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, दप्तर मराठी झालं आणि तिशी ओलांडलेल्या बद्रीनाथनं तेच रकाने नव्या लिपीत भरायला शिकून घेतलं. त्या उलथापालथीत त्यानं एक गोष्ट पाहिली होती. ज्याचं नाव कागदावर होतं त्याची जमीन राहिली, ज्याचं नव्हतं त्याची गेली. तेव्हापासून त्याचा कागदावर विश्वास बसला होता. बाकी देवादिकांचं तो घरच्यांच्या समाधानापुरतं करायचा.

कॉलेजात दर डिसेंबरात वर्धापनदिन व्हायचा, आणि तो पाहायला गावातली माणसंसुद्धा यायची. त्या दिवशी सगळं उलटं. प्राध्यापक बाकांवर बसायचे, मुलं शिकवायची. प्रिन्सिपॉल काकासाहेब डोक्याला फडकं बांधून घंटा द्यायचे. बद्रीनाथ हातात तांब्या-भांडं घेऊन सगळ्यांना पाणी द्यायचा. आणि प्रिन्सिपॉलच्या खुर्चीत बसायचा सोनाजी शिपाई.

ही रीत पडली ती अपघातानं. बावन्न साली कॉलेज सुरू झालं त्या दिवशी काकासाहेब हैदराबादहून यायचे होते आणि गाडी पाच तास लेट झाली. पाहुणे येऊन बसले, मुहूर्त टळायला आला. संस्थेच्या अध्यक्षांनी इकडंतिकडं पाहिलं आणि दारात उभ्या असलेल्या सोनाजीला म्हटलं, तू बस खुर्चीत, खुर्ची रिकामी नको. सोनाजी पागोट्यासकट बसला. कॉलेज सुरू झालं. संध्याकाळी काकासाहेब आले, त्यांनी हकीकत ऐकली आणि पोट धरून हसले. म्हणाले, पहिला प्रिन्सिपॉल सोनाजीच. दर वर्षी या दिवशी खुर्ची त्याची, आणि त्या दिवशी तो जो एक हुकूम देईल तो कॉलेजनं पाळायचा.

सोनाजीचे हुकूमही त्याच्यासारखेच साधे. पहिल्या वर्षी सगळ्यांना गुळाचा चहा. दुसऱ्या वर्षी प्राध्यापकांची सायकलची शर्यत, उस्मानपुऱ्यातून काळ्या चबुतऱ्यापर्यंत, ज्याला आता क्रांती चौक म्हणतात, आणि परत. तिसऱ्या वर्षी सगळ्या प्राध्यापकांनी दिवसभर वैजापूरकडच्या बोलीत बोलायचं. इंग्रजीच्या सरांनी ‘व्हय’ आणि ‘नाय’ एवढ्यावर दिवस काढला होता.

सोनाजी धनगराचा. मेंढरं रोगात गेली, मग बायको गेली, तेव्हा तो एकुलत्या एका पोरीला घेऊन शहरात आला. बंगल्याच्या मागं घोडे सांभाळणाऱ्या सईसाची खोली होती, तिथं दोघं राहायची. पोरीचं नाव सुगंधा. सोनाजीला अक्षरओळख नव्हती, पण पोर मुलींच्या शाळेत गेली आणि छप्पन्न साली मॅट्रिक झाली. धनगराची पोर मॅट्रिक झाली म्हणून काकासाहेबांनी कॉलेजात पेढे वाटले. तिचा प्रवेशाचा फॉर्म बद्रीनाथनंच भरला. खाली सही तिनं केली, जीभ दातात धरून, सावकाश.

त्याच आठवड्यात तिला मुदतीचा ताप आला. एकविसाव्या दिवशी ती गेली. कॉलेज सुरू व्हायला चार दिवस होते.

बद्रीनाथनं तिचा फॉर्म बाहेर काढला, त्यावर लाल शाईनं तिरपी रेघ मारली आणि ‘रद्द’ असं लिहिलं. कामच होतं ते. पण फाईल बंद करताना त्याला उगाच वाटलं की हे आपण चार दिवसांनी केलं असतं तरी चाललं असतं.

त्या वर्षीचा वर्धापनदिन होऊ नये असं सगळ्यांच्या मनात होतं. सोनाजीच म्हणाला, होऊ द्या. तो खुर्चीत बसला. हॉलमध्ये नेहमीसारखी गडबड होती, मुलं पुढं सरकून बसली होती. काकासाहेबांनी विचारलं, प्रिन्सिपॉलसाहेब, हुकूम काय?

सोनाजी थोडा वेळ आपल्या हातांकडं पाहत राहिला. मग म्हणाला, “माझ्या सुगंधाचं नाव पटावर घ्या.”

हसायला तयार झालेली तोंडं तशीच राहिली. काकासाहेबांनी बद्रीनाथकडं पाहिलं. बद्रीनाथच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यानं खाली ठेवला, ऑफिसात गेला, पहिल्या वर्षाचं हजेरीपुस्तक काढलं. चाळीस नावं होती. चाळिसाव्याच्या खाली त्यानं पेन्सिलीनं लिहिलं : ४१, सुगंधा सोनाजी शेंडगे. पेन्सिलीनं अशासाठी की पुढं खोडता यावं.

महिनाअखेरीला तो हजेरीची बेरीज करायला बसला. एकेचाळिसाव्या नावापुढं खुणा होत्या. बाकीच्यांसारख्याच. शाईच्या. डिसेंबरातले उरलेले पंधरा दिवस, पंधरा हजेऱ्या.

त्याला राग आला नाही, पण बरंही वाटलं नाही. इतिहासाचे कारभारी सर पहिल्या वर्षाची हजेरी घ्यायचे. बद्रीनाथनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, सर, भावना समजते, पण हजेरीपुस्तक हे हजेरीपुस्तक आहे. कारभारी सर चमकले. म्हणाले, मी नंबर पुकारतो, वर पाहत नाही. जो ‘हजर’ म्हणतो त्याची खूण करतो. एकेचाळीसला मुलीचा आवाज येतो, मी खूण करतो. कोण आहे ती?

बद्रीनाथनं त्यांना सांगितलं. कारभारी सर त्या गावचे नव्हते, नोव्हेंबरातच रुजू झाले होते आणि वर्धापनदिनाला रजेवर होते. चष्मा काढून पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ खोली नंबर तीनच्या बाहेर व्हरांड्यात उभा राहिला. सकाळची दहाची वेळ होती, फरशीवर ऊन आलं होतं. आत नंबर पुकारणं चाललं होतं. अडतीस. हजर. एकोणचाळीस. हजर. चाळीस. हजर.

“एकेचाळीस,” कारभारी सर म्हणाले. आज त्यांनी मान वर केली होती.

बद्रीनाथला काहीच ऐकू आलं नाही. कुठं तरी चिमण्या भांडत होत्या तेवढ्याच. पण त्यानं पाहिलं की पुढच्या बाकांवरच्या तीन मुलांनी माना वळवून मुलींच्या बाकाच्या टोकाकडं पाहिलं, आवाज आला की माणूस पाहतो तसं, सहज. टोकाला कुणी नव्हतं. कारभारी सरही तिकडंच पाहत राहिले. मग त्यांनी टाक शाईत बुडवला आणि खूण केली.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला सोनाजी उभा होता. बहुधा तो रोजच उभा राहत असावा. तो बद्रीनाथजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “साहेब, तुमाला आला का आवाज?”

“नाही,” बद्रीनाथ म्हणाला.

“मलाबी येत नाय,” सोनाजी म्हणाला. “पोरं म्हंत्यात, येतो.”

मुलींच्या खोलीवर आशाबाई नावाची बाई कामाला होती. पाणी भरायचं, झाडायचं, मुलींची राखण करायची. बद्रीनाथनं तिला विचारलं तेव्हा तिनं आधी पदर सारखा केला. म्हणाली, दिसत तर काय नाय. पण पोरी त्या कोपऱ्यातली जागा सोडून बसत्यात, मी सांगितलं नसतानाबी. थंडीच्या दिसांत तिथं घोंगड्याचा वास येतो, ओल्या लोकरीचा. आपल्या घरचा असतो तसाच वास, भ्यायासारखं काय नाय त्यात.

खरंच, कुणी भ्यालं नाही. हेच बद्रीनाथला नंतर सगळ्यात नवल वाटायचं. मुलं परीक्षेच्या, मेसच्या, गावाकडच्या पावसाच्या काळजीत होती. वर्गात एक मुलगी जास्त आहे, एवढंच त्यांनी धरून घेतलं. काकासाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, हुकूम पाळायचा ठरलं होतं ना, पाळू.

दर महिन्याच्या एक तारखेला सोनाजी ऑफिसच्या दारात येऊन उभा राहायचा. चपला बाहेर काढायचा, पागोटं सारखं करायचा आणि विचारायचा, किती दिवस आली?

बद्रीनाथ पुस्तक उघडून पाहायचा. “बावीस.”

“सगळे?”

“सगळे.”

सोनाजी मान हलवून निघून जायचा. जाताना त्याच्या तोंडावर जे असायचं ते पाहायला नको म्हणून बद्रीनाथ पुस्तकात डोकं घालून बसायचा. पोरीचा आवाज नाही, सावली नाही, वाससुद्धा नाही. बापाला ती मिळत होती ती एवढीच, महिन्याला एक आकडा. एकदा मार्चात आकडा एकोणीसच निघाला. सोनाजी दारातच खाली बसला. मग बद्रीनाथनं त्याला समजावलं की होळीच्या सुट्ट्या होत्या, सगळ्यांचेच एकोणीस आहेत. त्याच दिवशी त्यानं ते नाव शाईनं लिहिलं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. इतिहासाच्या पेपरांचा गठ्ठा ऑफिसात आला तेव्हा पेपर एकेचाळीस होते. शेवटचा पेपर बद्रीनाथनं पुन्हा पुन्हा चाळला. कोरा होता, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. शेवटी कारभारी सरांच्या लाल शाईत मार्क होते, शंभरापैकी बावन्न. त्यानं पेपर नेऊन सरांना दाखवला. सरांनी पानं उलटली आणि म्हणाले, अक्षर चांगलं आहे हो पोरीचं, सनावळीत जरा कच्ची आहे.

बद्रीनाथनं मार्क रजिस्टरात उतरवून घेतले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की सगळ्यांना ती आहे. फक्त आपल्याला आणि तिच्या बापाला नाही. बापाला का नाही हे त्याला कळत नव्हतं. आपल्याला का नाही, याचा मात्र त्याला अंदाज होता. लाल रेघ मारलेला तो फॉर्म अजून फाईलमध्ये होता.

ती पास होऊन इंटरला गेली. काही मुलं गळाली, काही नवी आली, आणि इंटरच्या पटावर बरोबर चाळीस नावं झाली. एकेचाळिसावी ती.

सत्तावन्नच्या वर्धापनदिनी सोनाजीनं हुकूम दिला की आज नेहमीसारखे वर्ग भरवा, मला आत बसायचंय. म्हणून त्या दिवशी कुणी उलटंसुलटं काही केलं नाही. एक दिवसाचा प्रिन्सिपॉल खोली नंबर तीनमध्ये मुलींच्या बाकावर बसला, टोकाशी वीतभर जागा सोडून. कारभारी सर देवगिरीच्या यादवांवर बोलत होते. सोनाजी एकटक फळ्याकडं पाहत होता. तास संपल्यावर तो आशाबाईला विचारत होता, ती काही बोलली का, माझ्याकडं पाहिलं का. आशाबाई म्हणाली, बाबा, पोरी म्हंत्यात, ती लिहीत होती. लिहिताना कोण कुणाकडं पाहतंय?

मग फेब्रुवारी आला. इंटरची कॉलेजची परीक्षा झाली. त्यात पास झालेल्यांचीच नावं पुढं विद्यापीठाकडं जायची आणि ती यादी बद्रीनाथ करायचा. एका दुपारी ऑफिसात कुणी नसताना सोनाजी आला. या वेळी त्यानं काही विचारलं नाही. टेबलासमोर खाली बसला.

“साहेब, पास झाली तर ती जाईल ना हितून?”

बद्रीनाथ म्हणाला, इंटर झालं की सगळेच जातात.

“मंग तिला नापास करा.”

बद्रीनाथनं लेखणी खाली ठेवली.

“एकच वर्ष,” सोनाजी म्हणाला. “आणखी एकच वर्ष राहू द्या तिला. मी कधी काय मागितलं नाय तुमाला.”

कारभारी सरांनी तिला अठ्ठावन्न मार्क दिले होते. बद्रीनाथनं आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. निजामाच्या कचेरीत नाही, इथं नाही. पण समोर बसलेला माणूस जागचा हलत नव्हता. हे खोटं नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. मेलेल्या मुलीचं नाव यादीत घालणं हे खोटं, न घालणं खरं. त्यानं यादी केली. चाळीसपैकी एकतीस नावं. तिचं नाव वगळलं.

जूनमध्ये नवीन वर्ष सुरू झालं. इंटरच्या पटावर पुन्हा चाळीस मुलं भरली आणि खाली एकेचाळिसावी ती. पण आता काही तरी बिघडलं होतं.

आधी आशाबाई आली. म्हणाली, साहेब, ती रडती. मुलींच्या खोलीत, कोपऱ्यात. दिवसभर नाय, मधल्या सुट्टीत. पोरी डबे उघडत्यात आन् तशाच मिटून ठिवत्यात.

मग कारभारी सर आले. म्हणाले, आता ती ‘हजर’ म्हणते ते कसंतरीच म्हणते. पोर शिक्षा भोगतीय असं वाटतं. मी मार्क दिले होते, बद्रीनाथ. ती नापास कशी झाली?

बद्रीनाथनं यादीची फाईल कपाटात सरकवली.

श्रावणात मुलींनी ती खोली सोडली. पावसात व्हरांड्यात उभ्या राहायच्या, पण आत जायच्या नाहीत. भीती नव्हती. आशाबाई म्हणायची, ऐकवत नाय त्यांना. दोन मुलींनी दिवाळीला घरी गेल्यावर परत यायचं नाही असं कळवलं. त्यातल्या एकीच्या बापानं लिहिलं होतं की मुलगी कारण सांगत नाही, नुसती रडते.

बद्रीनाथ मधल्या सुट्टीत त्या खोलीत जाऊन बसला. एक चटई, पाण्याचा माठ, खुंटीला अडकवलेला आरसा. तो पंधरा मिनिटं कान देऊन बसला. काही ऐकू आलं नाही. उठताना त्यानं कोपऱ्यातल्या फरशीवर हात टेकला. फरशी ओली होती. वर छत कोरडं होतं.

त्यानं सोनाजीला सगळं सांगितलं. तोवर सोनाजीला कुणी सांगितलं नव्हतं, सगळ्यांनी त्याच्यापासून लपवलं होतं. त्याला दर महिन्याला आकडा मिळत होता आणि आकडे पूर्ण होते.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“जूनपासून.”

सोनाजी भिंतीला टेकला. म्हणाला, “लहानपनी मी तिला मेंढरामागं न्यायचो. शाळंत जाऊ दे म्हून रडायची. आवाज न करता रडायची. मला समजायचंच नाय.”

अठ्ठावन्नच्या वर्धापनदिनाला बाहेरचं कुणी बोलावलं नव्हतं. हॉलमध्ये सगळी मुलं होती, प्राध्यापक होते. काकासाहेबांनी फडकं बांधलं नाही. सोनाजी खुर्चीत बसला. धुतलेलं धोतर, नवं पागोटं. त्यानं कुणी विचारायची वाट पाहिली नाही.

“सुगंधाला पास करा,” तो म्हणाला. “आन् तिचा दाखला काढा. तिला जाऊ द्या.”

बद्रीनाथ ऑफिसात गेला. मागच्या फेब्रुवारीची यादी काढली, एकतिसाव्या नावाखाली बत्तिसावं नाव लिहिलं, मार्क अठ्ठावन्न. मग कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा छापील कागद घेतला. नाव. जन्मतारीख. प्रवेशाची तारीख. वर्तणूक, चांगली. कॉलेज सोडण्याचं कारण : या रकान्यापाशी त्याचा हात थांबला. मग त्यानं लिहिलं, ‘पुढील शिक्षणासाठी’.

तो कागद घेऊन हॉलमध्ये आला. प्रिन्सिपॉलच्या सहीच्या जागी सोनाजीनं अंगठा लावला.

आणि मग त्या हॉलमधल्या सगळ्यांनी एकाच वेळी माना वर केल्या.

मुलांनी, मुलींनी, कारभारी सरांनी, काकासाहेबांनी. सगळे दाराकडं पाहत होते. आशाबाईनं पदर तोंडाला लावला. एक मुलगी हुंदका देऊन हसली. सगळ्यांच्या नजरा दारातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून पायऱ्यांकडं हळूहळू सरकत गेल्या.

बद्रीनाथला दार दिसत होतं. दारात ऊन होतं.

सोनाजी दाराकडं पाहत नव्हता. तो लोकांच्या चेहऱ्यांकडं पाहत होता, एकाकडून दुसऱ्याकडं, वाचता न येणाऱ्या माणसानं कागद पाहावा तसा.

“काय म्हनली?” त्यानं विचारलं. “कुनी सांगा. काय म्हनली ती?”

काकासाहेब त्याच्या खुर्चीपाशी खाली बसले. त्यांनी त्याचा शाई लागलेला हात हातात घेतला.

“‘येते बाबा’ म्हणाली,” ते म्हणाले.

त्या महिनाअखेरीला एकेचाळिसाव्या नावापुढं त्या दिवसानंतरची एकही खूण नव्हती.

सोनाजीनं जानेवारीत नोकरी सोडली. जायच्या दिवशी त्यानं बद्रीनाथला एकच गोष्ट विचारली, दाखला घेतल्यावर पोरं जातात कुठं. बद्रीनाथ म्हणाला, दुसऱ्या कॉलेजात, मोठ्या. “म्हंजी पुढं हाय,” सोनाजी म्हणाला. बद्रीनाथ म्हणाला, असतं. सोनाजीनं तो दाखला घडी करून पागोट्यात ठेवला आणि वैजापूरच्या गाडीत बसला.

पुढच्या दिवाळीत त्याचा चुलतभाऊ मुंजाबा कॉलेजात आला, सोनाजी गेल्याचं सांगायला. शांत गेला म्हणाला, सकाळी उठलाच नाही. वर्षभर म्हणे तो बाजाराच्या दिवशी वैजापुरात जायचा, धान्याच्या मोंढ्याबाहेर बसायचा आणि येईल त्याला दाखला दाखवायचा. माझी पोर मेल्यावर इंटर झाली, असं सांगायचा. लोक आधी हसायचे. मग हसायचे बंद झाले. मग काही जण त्याच्याजवळ बसून राहू लागले, काही बायका तर पार शेजारच्या तालुक्यातून यायच्या. तो त्यांना सगळं सांगायचा, कुठं जायचं, कुठल्या दिवशी जायचं.

काकासाहेबांनी त्या वर्षी वर्धापनदिन बंद केला. त्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवायचं त्यांच्या मनात येईना. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी दिली आणि बद्रीनाथला सांगितलं की नुसतं कुलूप पाहून ये. बद्रीनाथ सकाळी आला. चारी खोल्यांच्या खिडक्यांना आतून कड्या घातल्या, दारं ओढून कुलपं लावली आणि फाटकाकडं निघाला.

फाटकाबाहेर माणसं होती.

पंधरा-सोळा असतील. शेतकरी, दोन-तीन धनगर, एक म्हातारा मुसलमान, बाकी बहुतेक बाया. रात्रीच कुठं तरी येऊन थांबल्यासारखी, पायांवर धूळ. कुणी गोंगाट करत नव्हतं. एकामागं एक उभी होती, आणि प्रत्येकाच्या हातात कागदाचा एक तुकडा होता. कुणाकडून तरी लिहून घेतलेला. प्रत्येकावर एकच नाव.

बद्रीनाथनं त्यांना सांगितलं की आज सुट्टी आहे. सांगितलं की ती रीत आता बंद झाली, खुर्ची रिकामी आहे, हुकूम देणारा माणूस गेला. त्यांनी ऐकून घेतलं. कुणी हललं नाही. म्हाताऱ्यानं आपला कागद छातीच्या खिशात ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला.

रांगेत सगळ्यात पुढं एक बाई होती, पन्नाशीची, हिरवं लुगडं फिकं पडलेलं. साळूबाई म्हणून होती, कन्नडच्या बाजूची. तिचा पोरगा विहिरीचं काम करताना दरड कोसळून आत राहिला होता. हे तिनं नाही, मागच्या बाईनं सांगितलं. साळूबाईनं गजांमधून चिठ्ठी पुढं केली. बद्रीनाथनं ती घेतली नाही.

तिनं आग्रह केला नाही. हात तसाच ठेवून तिनं एवढंच विचारलं, “साहेब, आत खिडकीपाशी जागा हाय का? त्याला गुदमरतं.”

बद्रीनाथनं चिठ्ठीकडं पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

मग त्याच्या लक्षात आलं की रांगेतलं कुणीच आता त्याच्याकडं पाहत नाही. सगळे त्याच्या खांद्यावरून मागं, बंगल्याकडं पाहत होते.

त्याच्या पाठीमागं एक कडी वाजली.

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला काही ऐकू आलं होतं. तो वळला. कुलूप लावलेल्या खोली नंबर तीनची पहिली खिडकी आतून उघडत होती, सावकाश, कुणी तरी दोन्ही हातांनी ढकलावी तशी. ती पूर्ण उघडली, आणि मग दुसरीची कडी वाजली.